अमेरिकेत कुटुंब नेताना: अर्ज कोणी करायचा, तारीख कोणती धरायची आणि कागद कसे जुळवायचे

"आईच्या ग्रीन कार्डला किती वर्षं लागतील?" एवढ्याच प्रश्नाला उत्तर देता येत नाही. अर्ज करणारा अमेरिकेचा नागरिक आहे की नुसता ग्रीन कार्डधारक, नातं कायद्याच्या कोणत्या गटात बसतं आणि अर्ज कोणत्या तारखेला दाखल झाला, हे तीन तपशील कळले की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. म्हणून फॉर्म भरायला बसण्याआधी हे तीन तपशील कागदावर लिहा. वकिलाकडे गेलात तरी तोही आधी हेच विचारणार.

पायरी १: नातं कोणत्या गटात बसतं ते ठरवा

अमेरिकी नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालचं अविवाहित मूल आणि आई-वडील यांना कायदा 'निकटचे नातेवाईक' मानतो. आई-वडिलांसाठी अर्ज करायचा तर नागरिक स्वतः २१ वर्षांचा पूर्ण असावा लागतो. या मंडळींना वार्षिक कोटा लागू नाही, म्हणून रांगही नाही. वेळ जातो तो कागद तपासण्यात आणि मुलाखतीची तारीख मिळण्यात.

बाकी नाती कोट्यात येतात:

एफ-१: नागरिकाची २१ वर्षांवरील अविवाहित मुलं.
एफ-२ए: ग्रीन कार्डधारकाचा नवरा किंवा बायको आणि २१ खालची अविवाहित मुलं.
एफ-२बी: ग्रीन कार्डधारकाची २१ वर्षांवरील अविवाहित मुलं.
एफ-३: नागरिकाची विवाहित मुलं.
एफ-४: नागरिकाचे भाऊ-बहीण.

ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांसाठी, भावंडांसाठी किंवा विवाहित मुलांसाठी अर्ज करताच येत नाही. त्यासाठी आधी नागरिक व्हावं लागतं. सासू-सासऱ्यांसाठी सुनेला किंवा जावयाला अर्ज करता येत नाही. ज्याचे ते आई-वडील, तो स्वतः नागरिक हवा. आजी-आजोबा, काका, मावशी, चुलत-मावस भावंडं यांच्यासाठी गटच नाही. आणि मूल अमेरिकी नागरिक आहे म्हणून आई-वडिलांना ग्रीन कार्ड मिळतं, हा समज पसरलेला असला तरी ते मूल २१ वर्षांचं होईपर्यंत त्याला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही.

पायरी २: तारखेचं गणित समजून घ्या

कुटुंबाच्या बाजूने सुरुवात होते ती आय-१३० या अर्जाने. तो यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन कार्यालयाकडे ज्या दिवशी नीट दाखल झाला, ती तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तारीख. कोट्यातल्या गटांना वर्षाला किमान २,२६,००० व्हिसा असतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त जात नाहीत. देश धरला जातो तो जन्माचा, पासपोर्टचा नव्हे. भारतात जन्मलेल्या भावंडांची एफ-४ ची रांग म्हणूनच १५ वर्षांपेक्षाही लांब आहे.

दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं. त्यात दोन तक्ते असतात. एक, व्हिसा प्रत्यक्ष कधी देता येईल याचा. दुसरा, कागद कधी सादर करता येतील याचा. आपल्या गटापुढची तारीख आपल्या प्रायॉरिटी डेटच्या पुढे गेली की आपला नंबर लागला. तारखा मागेही सरकतात, तेव्हा एका महिन्याचा आकडा पाहून घर विकायला काढू नका.

रांग लांब असली तरी एफ-४ चा अर्ज लवकर टाकून ठेवावा, असं माझं मत आहे. मात्र तो टाकल्यावर भावाच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जात "तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट पिटिशन दाखल केलं आहे का" या प्रश्नाला खरं उत्तर द्यावं लागेल, आणि ते उत्तर व्हिसा अधिकाऱ्याला खटकू शकतं. येणं-जाणं आधीच अवघड असलेल्या भावंडाला हे अगोदर सांगा, मग सही करा.

पायरी ३: मुलांचं वय आणि मुलांचं लग्न

एफ-४ मध्ये भावाबरोबर त्याची बायको आणि २१ खालची अविवाहित मुलं येतात. अर्ज टाकताना चार वर्षांचा असलेला मुलगा नंबर लागेपर्यंत मिसरूड फुटून नोकरीला लागलेला असतो. अशांसाठी २००२ चा चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आहे. आय-१३० मंजूर व्हायला जितका काळ लागला, तेवढा काळ व्हिसा उपलब्ध झाला त्या दिवशीच्या वयातून वजा करायचा.

समजा, अर्ज मंजूर व्हायला ४ वर्षं लागली आणि व्हिसा उपलब्ध झाला तेव्हा भावाचा मुलगा २४ वर्षं ३ महिन्यांचा आहे. वजाबाकी करून वय येतं २० वर्षं ३ महिने. तो बसला. हाच अर्ज दोन वर्षांत मंजूर झाला असता तर वय २२ वर्षं ३ महिने निघालं असतं आणि तो बाहेर राहिला असता. सरकारी दिरंगाईचा फायदा व्हावा अशी ही दुर्मीळ जागा. मात्र व्हिसा उपलब्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत पुढचं पाऊल उचलावं लागतं, आणि मुलगा तोवर अविवाहित हवा. नागरिकाच्या स्वतःच्या मुलासाठी नियम सोपा आहे: आय-१३० दाखल झाला त्या दिवशीचं वय गोठतं.

लग्नाबद्दल नीट सावध राहा. ग्रीन कार्डधारक वडिलांनी अविवाहित मुलीसाठी अर्ज केला आहे आणि वडील नागरिक होण्याआधीच मुलीचं लग्न झालं, तर तो अर्ज आपोआप रद्द होतो, साचलेल्या वर्षांसकट. वडील आधी नागरिक झाले असते तर अर्ज एफ-३ मध्ये सरकून जिवंत राहिला असता. साखरपुड्याने काही बिघडत नाही. पण 'व्हिसासाठी' आधी गुपचूप नोंदणी करून वर्षभराने मुहूर्तावर लग्न लावणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं की कायद्याच्या दृष्टीने लग्न नोंदणीच्या दिवशीच झालेलं असतं.

उलट बाजूचा सापळा एफ-२ए मध्ये आहे. ग्रीन कार्डधारकाने बायकोसाठी अर्ज केला, मुलं त्याच अर्जात तिच्याबरोबर होती, आणि मधेच तो नागरिक झाला. बायको आता निकटची नातेवाईक होते, रांग संपते, पण या गटात कोणी कोणाबरोबर 'सोबत' येत नाही. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० टाकावा लागतो.

पायरी ४: नवरा-बायको

लग्नावर आधारलेल्या अर्जात अधिकारी एकच गोष्ट शोधतो: हे लग्न खरं आहे का. ठरवून झालेल्या लग्नाबद्दल अमेरिकी अधिकाऱ्यांना आक्षेप नसतो. मुंबईच्या वाणिज्य दूतावासात तशी लग्नं रोज समोर येतात. संशय येतो तो दोघांच्या उत्तरांत मेळ नसला की. लग्नाचे फोटो हवेतच, पण त्याहून वजन आहे एकत्र बँक खात्याला, विम्यात लावलेल्या वारसाच्या नावाला, एकमेकांकडे केलेल्या प्रवासाच्या तिकिटांना आणि फोन-मेसेजच्या नोंदींना. विवाह नोंदणी प्रमाणपत्र लागतंच. लग्न जुनं असून नोंदणी राहिली असेल तर ती आधी उरकून घ्या.

के-१ हा वाग्दत्त वधू-वरांचा व्हिसा फक्त नागरिकाला मागता येतो. येऊन ९० दिवसांत लग्न करावं लागतं. भारतात धार्मिक विधी झाले असतील, भले नोंदणी नसेल, तर तुम्ही विवाहित समजले जाऊ शकता आणि के-१ नाकारला जातो. आपल्याकडे साखरपुडा आणि लग्न यांच्यातली रेषा फोटोंत पुसट होते, त्यामुळे मी तरी बहुतेक जोडप्यांना सरळ लग्न करून आय-१३० टाकायला सांगेन.

ग्रीन कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं पूर्ण नसतील तर कार्ड दोन वर्षांचंच मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ही दोन वर्षांची अट काढण्याचा आय-७५१ भरायचा. दरम्यान घटस्फोट झाला किंवा घरात मारहाण, छळ होत असेल तर जोडीदाराच्या सहीशिवायही आय-७५१ भरता येतो. नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराच्या छळातून सुटण्यासाठी आय-३६० हा स्वतःचा अर्ज आहे, आणि त्याची खबर जोडीदाराला दिली जात नाही. "माझ्याशिवाय तुझे कागद होणार नाहीत" ही धमकी ऐकणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक असायला हवं.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराला आणि मुलांना एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर असलेल्यांचं गणित वेगळं. एच-१बी जोडीदाराचा आय-१४० (नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डचा अर्ज) मंजूर असेल, किंवा त्याला सहा वर्षांपलीकडची विशिष्ट मुदतवाढ मिळालेली असेल, तरच एच-४ जोडीदाराला कामाचा परवाना मागता येतो. ही सोय २०१५ पासून आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीची ५४० दिवसांपर्यंतची आपोआप मुदतवाढ मिळत नाही, म्हणून नूतनीकरण मुभा मिळताच भरा. एच-४ वरचं मूल २१ चं झालं की त्याला स्वतःचा वेगळा दर्जा शोधावा लागतो.

पायरी ५: आई-बाबा, आणि मुळात ग्रीन कार्ड हवं का

आईसाठी एक आणि वडिलांसाठी एक, असे दोन स्वतंत्र आय-१३० लागतात. आईच्या अर्जाला तुमचा जन्मदाखला पुरतो, त्यात तिचं नाव असलं की झालं. वडिलांच्या अर्जाला जन्मदाखल्याबरोबर त्यांच्या लग्नाचा पुरावाही जोडावा लागतो. अजून एक अडचण: घरात १७ वर्षांचा धाकटा भाऊ असेल तर तो आई-वडिलांबरोबर येऊ शकत नाही. आईला ग्रीन कार्ड मिळाल्यावर तिने त्याच्यासाठी अर्ज करायचा आणि तोवर तो भारतात. या टप्प्यावर पुष्कळ कुटुंबं अडकतात.

आई-बाबा पर्यटक व्हिसावर आलेलेच आहेत, मग अमेरिकेतूनच ग्रीन कार्ड मागण्याचा अर्ज, म्हणजे आय-४८५, भरून टाकू का? कायद्याने वाट आहे. पण विमानतळावर "फिरायला आलो" म्हणायचं आणि बॅगेत आय-४८५ चे कागद असायचे, हे खोटं बोलणं ठरतं, आणि त्याची शिक्षा कायमची प्रवेशबंदी होऊ शकते. आल्यावर परिस्थिती खरोखर बदलली असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय आय-४८५ प्रलंबित असताना अ‍ॅडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) न घेता देश सोडला तर अर्ज सोडून दिल्यासारखा होतो. तिकडे भाऊ आजारी पडला, फ्लॅटचा व्यवहार अडला, तरी निघता येत नाही. म्हणून बहुतेक आई-बाबांसाठी भारतातूनच प्रक्रिया केलेली बरी.

तो क्रम असा. आय-१३० मंजूर झाला की प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे फी भरायची, डीएस-२६० हा इमिग्रंट व्हिसाचा अर्ज भरायचा, आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र आणि कागद अपलोड करायचे. मग पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत. भारतातल्या बहुतेक इमिग्रंट व्हिसांच्या मुलाखती मुंबईत होतात. व्हिसा मिळाल्यावर त्याच्या मुदतीत अमेरिकेत पोहोचावं लागतं.

आय-८६४ वर सही करताना वाचून करा. तुमचं उत्पन्न घरातल्या सगळ्यांची आणि येणाऱ्यांची मोजदाद करून दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवं. कमी पडलं तर दुसरा हमीदार चालतो. हमी संपते ती आई-बाबा नागरिक झाल्यावर, त्यांच्या सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) खात्यात कामाच्या ४० तिमाही जमा झाल्यावर, ते कायमचे देश सोडून गेल्यावर किंवा मृत्यूनंतर. नवरा-बायकोच्या बाबतीतही हीच हमी असते, आणि घटस्फोटाने ती संपत नाही.

आता खरा प्रश्न. आई-बाबांना वर्षातले आठ महिने भारतात राहायचं असेल तर ग्रीन कार्ड त्यांच्या सोयीचं नाही. "सहा महिन्यांतून एकदा टेकून गेलं की कार्ड टिकतं" हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. कार्ड टिकतं ते अमेरिका हे कायमचं घर असेल तर. विमानतळावरचा अधिकारी वरचेवरच्या लांब मुक्कामांवरून प्रश्न विचारू शकतो. एक वर्षाहून जास्त बाहेर राहायचं तर निघण्याआधी, अमेरिकेत असतानाच, आय-१३१ भरून री-एन्ट्री परमिट मागावं लागतं. ते दोन वर्षांपर्यंतचं मिळतं.

पैशाचंही पाहा. ग्रीन कार्ड घेतलं की जगभरातल्या उत्पन्नावर अमेरिकेत कर विवरण द्यावं लागतं: बाबांचं निवृत्तिवेतन, मुदत ठेवींचं व्याज, घराचं भाडं, सगळं. अमेरिकेबाहेरच्या सर्व खात्यांतली एकत्रित रक्कम वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार हे परदेशी खात्यांचं विवरण भरावं लागतं, आणि निवृत्त माणसाच्या ठेवी ही मर्यादा सहज ओलांडतात. ६५ वर्षांवरच्या नव्या ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा विकत घ्यायलाही आधी पाच वर्षं सलग राहावं लागतं. तोवर आरोग्य विम्याचा बोजा मुलांवर. नातवंडांसाठी दरवर्षी चार-पाच महिने येणाऱ्यांना दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा पुरतो. कायमचं राहायचं ठरलं असेल तरच पुढे जा.

पायरी ६: कागद, विशेषतः नावं

मराठी कुटुंबांचे अर्ज सर्वांत जास्त इथे अडतात. जन्मदाखल्यावर 'कु. सुमन', शाळेत माहेरचं पूर्ण नाव, लग्नात बदललेलं पहिलं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव मधे. अमेरिकी अधिकाऱ्याला या चार वेगळ्या बायका दिसतात. दुवा जोडणारा कागद द्यावाच लागतो: विवाह नोंदणी प्रमाणपत्र ज्यात लग्नापूर्वीचं आणि नंतरचं नाव दोन्ही असेल, राजपत्रात नावबदल छापला असेल तर तो, आणि 'या सर्व नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र. फॉर्मवर 'वापरलेली इतर नावं' हा रकाना रिकामा सोडू नका. शाळेतलं, माहेरचं, सगळं तिथे लिहा.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी जन्मलेल्या अनेकांचा दाखला नसतो. अशा वेळी महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीकडून 'नोंद आढळत नाही' असा दाखला घ्या, जन्माची माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रं करा आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडा. प्रतिज्ञापत्रात ती व्यक्ती कोण, नातं काय आणि तिला ही माहिती कशी, हे स्पष्ट हवं. "मी ओळखतो" एवढं पुरत नाही. गेल्या महिन्यात उशिरा नोंदवलेला जन्मदाखला एकटा चालून जाईल असं समजू नका. त्याच्याबरोबर जुने पुरावेही द्या. जन्मदाखल्यात बाळाचं नावच नसेल तर ते नंतर घालून घेता येतं, ते काम आधी करा.

मराठी कागदाला संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर पूर्ण व अचूक आहे असं लिहून सही केली की पुरतं. नोटरीची सक्ती नाही.

पायरी ७: नागरिकत्व

ग्रीन कार्ड मिळाल्यापासून पाच वर्षांनी एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज भरता येतो, मुदतीच्या ९० दिवस आधीही. पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत असावं लागतं. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्याबद्दल पुरावा द्यावा लागतो, आणि एक वर्ष बाहेर राहिलात तर सलगता तुटते. नागरिकाशी लग्न झालेल्यांना तीन वर्षं पुरतात, पण त्या तीनही वर्षांत जोडीदार नागरिक असावा आणि दोघं एकत्र राहत असावेत. नवरा मागच्या महिन्यात नागरिक झाला असेल तर बायकोची तीन वर्षं आत्ता सुरू झाली.

२० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या अर्जांसाठी नागरिकशास्त्राची नवी परीक्षा आहे: १२८ प्रश्नांतून २० विचारतात, १२ बरोबर यावे लागतात. अर्ज भरताना वय ५० व ग्रीन कार्ड २० वर्षांचं, किंवा वय ५५ व कार्ड १५ वर्षांचं असेल तर इंग्रजीची सक्ती नाही. दुभाषा घेऊन आईला मराठीत परीक्षा देता येते.

मूल १८ खालचं, स्वतः ग्रीन कार्डधारक आणि नागरिक झालेल्या पालकाच्या ताब्यात त्याच्याबरोबर राहत असेल तर ते आपोआप नागरिक होतं. एन-४०० लागत नाही, पासपोर्ट किंवा एन-६०० (नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज) ने पुरावा घ्यायचा. अठरा पूर्ण झालेल्याने स्वतःचा अर्ज करायचा. आई-वडिलांपैकी कोणाची शपथ मुलाच्या अठराव्या वाढदिवसाच्या जवळ येत असेल तर कॅलेंडर समोर ठेवून अर्ज करा.

पायरी ८: भारताच्या बाजूचा हिशेब

भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार अमेरिकेची शपथ घेताच भारतीय नागरिकत्व संपतं. त्या दिवसानंतर जुना भारतीय पासपोर्ट वापरून प्रवास करणं गुन्हा आहे, तो कितीही वर्षं वैध दिसत असला तरी. पासपोर्ट जमा करून त्यागाचं प्रमाणपत्र घ्या. परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाच्या अर्जाला तेच लागतं. मतदार यादीतलं नावही काढून घ्या.

ओसीआयने व्हिसाशिवाय ये-जा आणि राहणं मिळतं; मतदान, निवडणूक लढवणं आणि सरकारी पदं मिळत नाहीत. परदेशी वंशाच्या जोडीदाराला ओसीआय मागण्याआधी लग्नाला दोन वर्षं व्हावी लागतात. वीस वर्षांखाली घेतलेलं कार्ड विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट मिळाल्यावर एकदा बदलून घ्यावं लागतं.

शेतजमिनीबद्दल घरोघरी प्रश्न असतो. ओसीआयधारकाला शेतजमीन, फार्महाऊस किंवा मळा विकत घेता येत नाही. भारतीय पासपोर्ट राखून परदेशात राहणाऱ्यालाही नाही. वडिलोपार्जित जमीन वारसाने आली तर ठेवता येते. विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच, आणि महाराष्ट्रात तो शेतकरी असावा लागतो. म्हणून वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसनोंद लावून घ्यायचं काम लांबवू नका, आणि त्यात तुमचं नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच लागेल हे तलाठ्याकडे जाण्याआधी बघा.